राखलेली जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले एकदाची! दोन बॅगा, एक कुंडी आणि माझी लाकडी घासणी एवढ्या सामानानिशी लेकीच्या दारात उभी राहिले, तर ती घासणीकडे बघून हसतच सुटली. इथे ब्रश मिळत नाहीत असं वाटलं का आई, म्हणाली. मिळत असतील. पण इस्पितळाच्या धुलाईखान्यात जिने माझी उभी नोकरी निभावली, तिला रिटायर झाल्याबरोबर टाकून यायला मी काही कृतघ्न नाही.

घर लहान आहे, पण उजेड भरपूर. खिडकीशी जावयाने जुन्या बाजारातून आणलेली ऐसपैस आरामखुर्ची आहे. जावई बोटीवर असतात, चार-चार महिने तोंड दिसत नाही. खुर्चीच्या गादीवर कोणाकोणाचे डाग होते देव जाणे. पाणी प्यायच्या आधी मी गादी उसवली आणि धुऊन टाकली. लेक म्हणाली, आई, निदान चप्पल तरी काढ.

नात आठ महिन्यांची. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण मी पाहिल्याबरोबर ठमी म्हणून टाकलं आणि ती ठमीच दिसते. मांडीवर घेतलं तशी ओळखपाळख नसताना आख्ख्या पंजाने माझ्या गालावर सणसणीत चापट मारली. माझीच नात, शंका नको.

ही वही अशासाठी, की लेकीच्या संसारात मला तोंड आवरून राहायचं आहे. आवरलेलं सगळं इथे सोडायचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नोकरी मिळाली! लेक पहाटे बेकरीत जाते ती दुपारी परत येते. मग ठमी तिच्याकडे आणि मी रिकामी, काय भिंतींशी बोलू? कोपऱ्यावरच्या जुगाराच्या मशीनच्या हॉलमध्ये सफाईला बाई हवी अशी पाटी होती, सरळ आत गेले. लेकीने नाक मुरडलं. तिथे माणसं दिवसभर पैसे घालून बटणं दाबत बसतात, तुला कशाला तिथे जायचंय, म्हणाली. मी म्हटलं, मी पुसायला जातेय, खेळायला नाही.

आता खरं लिहिते. किळस आली. आत खिडकी नाही, घड्याळ नाही, मशीनांच्या रांगा आणि त्यांच्यापुढे उंच गुबगुबीत खुर्च्या. अत्तर, सिगारेट आणि पायमोजे यांचा एकत्र शिजलेला वास. मॅनेजर स्वतः अत्तरात बुचकळून काढलेला. त्याने मला फडकी दिली आणि हळूच सांगितलं, की खुर्चीची गादी ओली लागली तर गवगवा करायचा नाही, गुपचूप बदलायची.

मला वाटलं, चहा सांडत असेल. चहा कसला! एक टॅक्सीवाला आहे, धट्टाकट्टा, जेमतेम चाळिशीचा. मशीन सोडायला नको म्हणून बसल्या जागी करतो. घरी गेल्यावर नाही, आजारी म्हणून नाही, स्वच्छतागृह दहा पावलांवर असताना. मी आयुष्यभर रोग्यांच्या चादरी धुतल्या आहेत, कधी शिसारी आली नाही, कारण त्या माणसांचा इलाज नव्हता. याला मात्र उभं करून त्याच फडक्याने तोंड पुसावंसं वाटलं.

घरी येऊन कोपरापर्यंत हात घासले. ठमी झोपली होती, तरी उचलून तिच्या मानेचा वास घेतला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

या लोकांची एक गंमत कळली. त्यांची पक्की समजूत आहे, की मशीन तापावं लागतं. माणूस उठला, गादी गार झाली, की मशीनही गार पडतं आणि आतापर्यंत खेळलेलं सगळं वाया जातं. म्हणून उठायचं झालं तर कोणीतरी जागा राखायला लागते. राखणाऱ्याने त्या गरम गादीवर बसायचं आणि त्यांच्या पैशाने बटण दाबत राहायचं, ते परत येईपर्यंत.

हे काम सफाईवालीचं. मॅनेजर म्हणाला, त्यामुळेच तर गाद्या ओल्या होत नाहीत, जेवढं तुम्ही बसाल तेवढं तुमचं धुणं कमी. मुद्दा बिनतोड होता. मी गादीवर जाड प्लॅस्टिक टाकून बसले. तरीही परक्या माणसाची ऊब खालून अंगात चढते ती चढतेच. अगं बाई गं! बसमध्ये नुकत्याच उठलेल्या माणसाच्या जागी बसतानासुद्धा मी दोन मिनिटं उभी राहणारी बाई.

पण टॅक्सीवाला आज गुणी मुलासारखा स्वच्छतागृहात जाऊन आला. मला म्हणाला, मावशी, तुमचा हात चांगला आहे. मशीनवर त्याची चित्रं जुळून पैसे सुटले होते म्हणे, मी बसले असताना. मला त्यात काय कळतंय? पैसा त्याचा, नशीब त्याचं.

रविवार, १६ फेब्रुवारी

शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात एक बाई बसतात. करडा लोकरी स्वेटर, मान खाली. त्यांची खुर्ची पुसायला मला आजवर मिळालेली नाही, कारण त्या उठतच नाहीत. मी येते तेव्हा असतात, निघते तेव्हाही असतात. मॅनेजर म्हणतो, तिकडे जाऊ नका. पण घाण सोडून पुढे जाणं माझ्या रक्तात नाही.

आज गेले. जवळ गेल्यावर ओल्या लोकरीचा वास आला, बादलीत आठवडाभर विसरून राहिलेल्या स्वेटरचा येतो तसा. बाई बटण दाबत होत्या. त्यांच्या पहिल्या बोटाला नख नाही. बोटाचं टोक बटणाएवढं चपटं आणि गुळगुळीत झालंय.

मी म्हटलं, जरा सरका, पुसून घेते. त्या हलल्या नाहीत. मग मी फडकं त्यांच्या कमरेमागून गादीवर फिरवलं आणि शिवण शोधायला लागले, कारण मळ शिवणीत बसतो. शिवण सापडेना. स्वेटर कुठे संपतो आणि गादी कुठे सुरू होते ते हाताला लागेना. लोकरीचे धागे सरळ गादीच्या कापडात गेलेले, आणि मध्ये काहीतरी ऊबदार, लिबलिबीत. फडकं तिथेच टाकून मी पळाले.

मागे वळून पाहिलं तर बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली होती. त्या हसल्या. म्हणाल्या, की आधी इथे फडकं मीच मारायचे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कोपऱ्यातल्या बाईंबद्दल मी लिहिलं ते जरा जास्तच झालं असावं. अंधारात हाताला काहीही वाटतं. म्हातारं माणूस, जुना स्वेटर, एवढंच.

आज टॅक्सीवाला जागा राखायला सांगून गेला आणि लगेच परत आला. इतक्यात कसा आला? मला त्याचा संताप आला. त्याच्याच खुर्चीसाठी त्याचाच संताप! चित्रं जुळत आली होती आणि हा टपकला. मी उठले, पण नीट बघितलं तर प्लॅस्टिक घालायचं राहून गेलं होतं. परवाही राहिलं होतं बहुतेक.

मी हल्ली लवकर जाते. काम जास्त असतं.

लेकीने रात्रीच्या जेवणानंतर विचारलं, की आई, तू ठमीला अशी काय झोपवतेस? मी म्हटलं, थोपटतेय की. ती म्हणाली, हाताने थोपट ना, बोटाने काय टोचतेस. खाली पाहिलं. माझं पहिलं बोट ठमीच्या पाठीवर दाबत होतं. उठत होतं, दाबत होतं. पोरीच्या झबल्यावर तिथे खळगा पडला होता.

मी तर खेळत नाही. पैसे माझे नाहीत.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज कोणालाच जागा राखून नको होती. सगळे आपापल्या खुर्च्यांत घट्ट. हात शिवशिवत होते, तोंड कोरडं पडलेलं. मॅनेजरने पगाराचं पाकीट हातात दिलं आणि कोपऱ्याशेजारची मोकळी खुर्ची दाखवली. ऐकायला साधीच गोष्ट आहे. एकदाच, माझ्या कष्टाच्या पैशाने, कोणाच्या बापाचं काय जातंय?

पाकीट रिकामं झालं ते मला कळलं नाही. लादी पुसायची होती म्हणून उठायला गेले, तर शेजारून करड्या बाहीचा हात आला आणि माझ्या बटणावर टेकला. बाई म्हणाल्या, जा, काम आटपून ये, तुझी जागा मी राखते.

मला बरं वाटलं. किती किळसवाणी गोष्ट आहे ही, की मला बरं वाटलं! लेकीला सांगितलंय, पगार उशिरा होतो.

रविवार, २ मार्च

बेकरीत कोणीतरी आजारी आहे. मंगळवारी लेकीला दिवसभर जावं लागणार. ठमी माझ्याकडे. मॅनेजरला सांगून टाकलं, त्या दिवशी येणार नाही. तो नुसता हसला.

बोटाच्या टोकाची कातडी जाड झालीय. घासणीने घासली. रक्त आलं, पण कातडी तशीच. नखाला कडेने धार राहिलेली नाही.

हे मी ओळखते. चादरीवर डाग दिसला की तो कशाचा आहे ते मला वासावरून सांगता यायचं. हाही डाग आहे. कशाचा, ते लिहिणार नाही.

मंगळवार, ४ मार्च

लिहिते. लिहायलाच हवं.

ठमीला घेऊन गेले. पाच मिनिटं म्हणून. तिच्या दुधाच्या पावडरीसाठी लेकीने डब्यात ठेवलेले पैसे घेतले. ते पैसेसुद्धा.

बाईंनी हात पुढे केले, दे इकडे, मी सांभाळते. मी दिली. माझ्या हाताने दिली त्या मांडीवर, त्या वासात. मग चित्रं. मग काही आठवत नाही, चित्रंच.

खाली ओलं लागलं. मला वाटलं, आधीच्या माणसाचं. पण ते गरम होतं, आणि पसरत होतं, आणि माझं होतं. मी. धुलाईखान्यातली बाई. मी उठले नव्हते.

तेव्हा आठवलं, की ठमी रडली नाही. इतका वेळ एकदाही—

ती मांडीवर बसली होती. डोळे दिव्यांवर. बाईंनी तिचं इवलंसं बोट धरून बटणावर ठेवलं होतं. मग बाईंनी हात काढून घेतला. बोट तिचं तीच दाबत राहिलं.

ओढलं तिला. निघेना. झबल्याला लोकर धरली होती, धागे आत गेले होते, एकेक. मी दातांनी तोडले. दातांनी! त्याची चव अजून तोंडात आहे. झबलं तिथेच राहिलं, पोर तेवढी आली.

अंगावर काही नाही. बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. पोटरीजवळ एक करडा धागा. ओढला तर ती कळवळली.

बुधवार, ५ मार्च

काल ठमी झोपेत बोट दाबत होती. हवेत. लेकीने पाहिलं. मला विचारलं, हे कुठून शिकली?

सांगता आलं असतं, की माहीत नाही. जीभ तेच बोलायला निघाली होती.

सगळं सांगितलं. पगार, डबा, ओली गादी, मांडी. मी खेळते, असं म्हटलं. मला थांबता येत नाही, असं म्हटलं. म्हणताना ओकारी आली आणि मोरीत जाऊन खरोखरच ओकले. करडं काहीतरी पडलं. पाणी ओतलं.

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ठमीला घेऊन न्हाणीत गेली आणि किती तरी वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाली, की ठमी उद्यापासून पाळणाघरात जाईल. तुझ्याजवळ एकटी ठेवणार नाही. आणि तू कुठेही जायचं नाहीस, आपण मिळून यातून तुला काढायचं.

तिने धागा कात्रीने कापला. आत किती राहिलाय ते दिसत नाही.

शनिवार, ८ मार्च

लेक मला घेऊन हॉलवर गेली. माझा फोटो दाराशी लावायला लावला, हिला आत सोडू नये म्हणून. मॅनेजरने हसत हसत लावला. म्हणाला, चार दिवसांनी त्याच काढायला सांगतील. सगळेच सांगतात. आणि काळजी नको, तुमची जागा राखलेली आहे. दारातून दिसली. माझी खुर्ची. गादी खाली दबलेली, वर कोणी नाही.

जुगारातून सुटलेल्यांची मंडळी शाळेच्या एका वर्गात जमतात, तिकडेही नेलं. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून. मी मान वर केली नाही. शेजारच्या बाकावरच्या एका न्हाव्याने सांगितलं, ओढ येणार. घरापर्यंत येणार. तिला बसायला देऊ नका, तिच्याशी बोलू नका, हाताला काहीतरी काम द्या. विचारपूस झाली नाही की गार पडते.

मी विचारलं, जागा राखणारी बाई तुम्हालाही होती का?  मग त्याने आपला उजवा हात पुढे केला. पहिल्या बोटाला अर्धं नख होतं. परत येतंय, म्हणाला.

सोमवार, १७ मार्च

आज लेकीने ठमी माझ्याकडे दिली. पहिल्यांदाच. दुकानात जाऊन येते म्हणाली. दारात थांबली, माझ्याकडे बघितलं, मग गेली. एवढा वेळ नीट गेला तर—

ठमी काखेत आहे. ओट्यावर वही ठेवून उभ्याने लिहितेय. न्हावी म्हणाला होता, हाताला काम द्या.

आरामखुर्ची गरम आहे.

सकाळपासून कोणी बसलेलं नाही. ठमीला घेऊन बसायला गेले, हात टेकला, आणि ऊब वर चढली. मी बसले नाही. गादी मीच धुतलेली, साबणाचा वास यायला हवा. ओली लोकर. बादलीतली.

गादी दबतेय. मध्ये. कोणी बसावं तशी, सावकाश.

खुर्चीच्या हातावर टकटक. लाकडावर. उठतंय, दाबतंय. माझं बोट पेनावर आहे, म्हणजे ते माझं नाही. घट्ट धरलंय. कोपऱ्यावरच तर आहे हॉल, ठमीला घेऊन पाच मिनिटांत— नाही. हे मी नाही लिहिलं. माझं पेन, माझं अक्षर, पण नाही.

ठमी तिकडे झेपावतेय. दोन्ही हात पुढे. पोटरीवर, धागा कापला तिथे, कातडी ओढल्यासारखी वर आलीय, खुर्चीच्या दिशेने. रडतेय. रड बाई, रड, मोठ्याने रड, तेव्हा रडली नव्हतीस.

बादली भरली. घासणी घेतली. बोलायचं नाही तिच्याशी. जागा द्यायची नाही. आयुष्यभर केलं तेच करायचं.

ओतली.

वाफ निघाली खुर्चीतून. करडी. घासतेय, एका हाताने, एक वाक्य लिहून पुन्हा घासतेय. शिवण लागली हाताला. गादीची शिवण, सगळीकडून, पूर्ण. धागे घासणीत येताहेत, ओले, लांब, केसांसारखे, मोरीत टाकतेय, पुन्हा ओकारी येतेय, येऊ दे.

टकटक थांबली.

गार आहे. हात टेकून पाहिला. गार.

ठमीने मला मारलं. गालावर. आख्ख्या पंजाने.

मी रडतेय. किल्लीचा आवाज— लेक आली. पाणी दारापर्यंत गेलंय, ती विचारेल. सांगते. काही लपवत नाही, सगळं सांगते तिला, की ती आली होती, जागा घेऊन बसली होती, मला बोलावत होती, आणि मी ठमीला घेऊन उभी—